अस्पष्ट केलेला नंबर: इंदूरच्या एका वधू-वर मंडळाच्या वेबसाइटचं प्रकरण

इंदूरमध्ये मराठी घरं होळकरांच्या काळापासून आहेत. मुलं-मुली आता पुण्याला, बंगळूरला, त्याही पलीकडे नोकरीला जातात, पण लग्नाचं बघायची वेळ आली की रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगरातले आईवडील अजूनही गावातल्या वधू-वर सूचक मंडळाकडेच वळतात. मध्ये ओळखीचं माणूस असलं की जिवाला बरं वाटतं. हे प्रकरण अशाच एका मंडळाचं. मंडळाचं आणि माणसांची नावं मुद्दाम गाळली आहेत, तांत्रिक तपशील मात्र पूर्ण दिले आहेत, कारण हीच चूक कितीतरी छोट्या संस्थांच्या वेबसाइटवर आज, आत्ता चालू आहे.

मंडळाचं काम आधी फायलींवर चालायचं. फॉर्म, पत्रिकेची प्रत, एक फोटो, आणि वर नोंदणी क्रमांक. एखादं स्थळ आवडलं की माणूस ऑफिसात येऊन क्रमांक सांगायचा. ऑफिस सांभाळणाऱ्या काकू आधी मुलीच्या घरी फोन लावायच्या: "अमक्यांकडून विचारणा आहे, मुलगा अमुक ठिकाणी आहे, नंबर देऊ का?" होकार आला तरच नंबर मिळायचा. नकार आला तर काकू तो सांभाळून, समोरच्याचं मन न दुखावता कळवायच्या. म्हणजे माहिती जिथे ठेवलेली होती तिथेच ती कुणाला द्यायची याचा निर्णय होत होता.

वेबसाइट झाली तेव्हा नियम तोच ठेवायचा असं ठरलं. फुकट नोंदणी करणाऱ्याला फोटो, शिक्षण, गोत्र, नाडी-गण, अपेक्षा एवढंच दिसेल. मोबाईल, घरचा पत्ता आणि जन्मवेळ पाहायची तर १,५०० रुपये भरून सदस्यत्व घ्यायचं आणि समोरच्या घराची संमतीही मिळवायची. पडद्यावर तसंच दिसतही होतं. नंबराच्या जागी धुरकट पट्टी, तिच्यावर छोटं कुलूप, खाली ओळ: "संमतीनंतर दिसेल." समितीच्या बैठकीत हे दाखवलं तेव्हा सगळ्यांना पटलं.

तक्रार

लोकमान्य नगरातल्या एका गृहस्थांची मुलगी पुण्यात नोकरीला आहे. तिला एका अनोळखी माणसाचे रात्री-अपरात्री फोन येऊ लागले, मग व्हॉट्सॲपवर मेसेज. त्याला तिचं गोत्र माहीत होतं, इंदूरच्या घराचा पत्ता माहीत होता आणि जन्मवेळही मिनिटापर्यंत माहीत होती. या तिन्ही गोष्टी एकत्र फक्त मंडळाच्या फॉर्मवर होत्या. वडिलांनी कुणाला संमती दिलेली नव्हती. तशी विचारणाच आली नव्हती.

मंडळाने वेबसाइट उघडून पाहिली. कुलूप जागच्या जागी होतं, पट्टी धुरकटच होती. मग संशय गेला तो माणसांवर. नंबर पाहण्याची मुभा ऑफिसात फक्त काकूंना होती. बैठकीत तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण कपाटाची किल्ली आणि ॲडमिनचा पासवर्ड दोन्ही त्यांच्याकडून काढून घेतलं. पडद्यावर जे दिसतं तीच व्यवस्था असं गृहीत धरलं की असं होतं: यंत्र निर्दोष ठरतं आणि आयुष्यभर प्रामाणिकपणे काम केलेलं माणूस आरोपी होतं. या प्रकरणातली मला सर्वांत जास्त टोचलेली गोष्ट ही आहे.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते, म्हणून सचिवांनी मला विचारलं. मी आधी त्यांच्या सहीचं पत्र घेतलं: काय तपासायचं, कोणत्या तारखांना, कोणत्या खात्यांवरून. मालकाच्या परवानगीवाचून संगणकात शिरणं, माहिती काढणं हे २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ खाली येतं, आणि त्यामागे लबाडीचा हेतू असला तर कलम ६६ लागतं. ओळखीचं मंडळ असलं तरी पत्राशिवाय हात लावू नये.

पाहणी

सचिवांनी एक खोटं स्थळ नोंदवलं, खोट्या नंबरासकट, आणि त्याला कुणालाही संमती दिली नाही. मी दुसऱ्या, फुकट खात्याने ते उघडलं. अपेक्षेप्रमाणे धुरकट पट्टी. मग एफ-१२ दाबून ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडली, ब्राउझर काय मागतो आणि त्याला काय मिळतं हे दाखवणाऱ्या नेटवर्क टॅबवर गेले, पान रिफ्रेश केलं आणि सर्व्हरकडून, म्हणजे साइटची माहिती जिथे असते त्या संगणकाकडून, आलेलं उत्तर वाचलं.

उत्तर जेसन स्वरूपात होतं, म्हणजे फील्डचं नाव आणि त्यापुढे मजकूर अशी साधी यादी. नाव, शिक्षण, उंची, गोत्र. त्याखाली मोबाईल, दहाच्या दहा आकडे. त्याखाली पत्ता, पिनकोडसकट. जन्मवेळ. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ: संमती, फॉल्स, म्हणजे नाही.

म्हणजे सर्व्हर प्रत्येक पाहणाऱ्याला सगळी माहिती पाठवत होता आणि सोबत "ही दाखवायची नाही" अशी चिठ्ठी जोडत होता. ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट, म्हणजे पानासोबत येऊन तिथेच चालणारा कोड, ती चिठ्ठी वाचून नंबरावर पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसचा धूर चढवत होती. त्या सीएसएसच्या ओळीसमोरची खूण माउसने काढली की नंबर स्वच्छ वाचता येत होता. काकूंनी सगळी फाइल समोरच्याच्या हातात द्यावी आणि "तेवढा कोपरा वाचू नका हं" म्हणावं, तसला हा प्रकार.

पुढे मी ब्राउझर बाजूला ठेवला आणि कर्ल हे ब्राउझरशिवाय विनंती पाठवणारं साधन वापरून, लॉगिन न करता, तोच वेबपत्ता सर्व्हरकडे मागितला. तेच उत्तर आलं, नंबरासकट. याचा अर्थ लॉगिनची तपासणीसुद्धा ब्राउझरच करत होता: ब्राउझरच्या साठ्यात (लोकल स्टोरेजमध्ये) लॉगिनची खूण (टोकन) नसेल तर पान तुम्हाला लॉगिनकडे पाठवत होतं, पण सर्व्हर स्वतः कधीच "तुम्ही कोण?" असं विचारत नव्हता. आणि स्थळाचा क्रमांक वेबपत्त्यातच होता, ओळीने वाढणारा. एकाच्या पुढचा आकडा घातला की पुढचं स्थळ.

इथवर दोष सिद्ध झाला होता. काकूंच्या बाबतीत मात्र निकाल लागायचा होता, म्हणून होस्टिंगवरचे ॲक्सेस लॉग मागवले. वेब सर्व्हर प्रत्येक विनंतीची एक ओळ लिहून ठेवतो: वेळ, आयपी पत्ता, काय मागितलं, आणि मागणाऱ्याने स्वतःची सांगितलेली ओळख, म्हणजे युजर एजंट. साध्या पाहुण्याच्या ओळीत तिथे क्रोम किंवा सफारीचं लांबलचक वर्णन असतं. तक्रारीच्या काही आठवडे आधीच्या एका रात्री मात्र ओळीमागून ओळ अशी होती की स्थळांचे क्रमांक एकेकाने वाढत गेलेले, दोन विनंत्यांत सेकंदाचंही अंतर नाही, आणि युजर एजंटच्या जागी "पायथन-रिक्वेस्ट्स". त्या मुलीचं स्थळ त्याच रांगेत होतं.

पायथन-रिक्वेस्ट्स हा ब्राउझर नव्हे, प्रोग्रॅममधून वेबवरची माहिती मागवण्याची लायब्ररी आहे. ती जावास्क्रिप्ट चालवत नाही, सीएसएस लावत नाही. त्या रात्रीच्या पाहुण्यापुरतं कुलूप नव्हतंच, धूरही नव्हता. होते ते फक्त नंबर. आयपी मोबाईल कंपनीचा होता. असा एक पत्ता एका वेळी अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे माणसापर्यंत पोहोचणं पोलिसांचं काम. पण काकूंचं ॲडमिन खातं त्या रात्री कुठेच नव्हतं, एवढं लॉगने स्वच्छ सांगितलं.

ब्राउझर कुणाचा?

वेबसाइट बनवणारा मुलगा मन लावून काम करणारा. "ताई, व्हॅलिडेशन तर सगळीकडे लावलंय," तो तपासण्यांबद्दल म्हणाला, आणि ते खरंच होतं. फक्त लावलं होतं ते ज्याला अडवायचं त्याच्याच यंत्रावर.

सर्व्हरपर्यंत पोहोचते ती फक्त अक्षरांची एक विनंती: वेबपत्ता, काही हेडर (विनंतीसोबतचे तपशील), फॉर्मचा मजकूर. ती मंडळाच्या पानावरचं बटण दाबून आली की कुणी हाताने टाइप केली, जावास्क्रिप्ट चालली की बंद होती, हे सर्व्हरला कळायला मार्ग नाही. विनंतीत जे लिहिलंय ते लिहिणाऱ्याचं म्हणणं आहे. युजर एजंटसुद्धा खोटा लिहिता येतो. त्या रात्रीच्या माणसाने तेवढीही तसदी घेतली नव्हती. आणि उलट दिशेने, सर्व्हरने एकदा पाठवलेली माहिती पाहणाऱ्याच्या मेमरीत जाऊन बसते. तिथून पुढे तिचं काय करायचं हे तो ठरवतो.

मुलाने एकेक उपाय सुचवला. राइट क्लिक आणि एफ-१२ बंद करू? फोटोंवर राइट क्लिक आधीच बंद होतं. नेटवर्क टॅबमधून फोटोची लिंक सरळ मिळत होती. शिवाय तो अडथळा घालणारी जावास्क्रिप्ट पाहणाऱ्याच्याच ब्राउझरमध्ये चालते, ती बंद करणं एका सेटिंगचं काम. कोड गुंतागुंतीचा करून टाकू, कुणाला वाचता येणार नाही असा? ब्राउझरला तो चालवावा लागतोच, आणि नेटवर्क टॅबला कोड वाचायची गरजच नाही, तो उत्तर दाखवतो.

मग त्याने नंबर एन्क्रिप्ट करून, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा करून, पाठवण्याचं सुचवलं. हा उपाय ऐकायला भक्कम वाटतो, म्हणून त्यावर आम्ही बराच वेळ घालवला. ज्याला नंबर पाहायचा हक्क नाही त्याला एन्क्रिप्ट केलेला नंबर पाठवायचा, आणि तो उलगडायची किल्ली त्याच पानाच्या कोडमध्ये ठेवायची. किल्ली नसेल तर हक्काच्या सदस्यालाही तो उलगडणार नाही. मग किल्ली फक्त हक्काच्या सदस्याला पाठवायची म्हणा, तर तो हक्क सर्व्हरवर तपासावा लागेल. आणि सर्व्हरवर तपासायचंच असेल तर किल्लीऐवजी नंबरच का पाठवू नये? इथे आल्यावर तो मुलगा थांबला आणि म्हणाला, "म्हणजे ज्याला द्यायचं नाही त्याला पाठवायचंच नाही." बस, एवढंच. साइट बंद करून फक्त ॲप ठेवू, ही सूचनाही याच तर्काने बाद झाली. फोनवरच्या ॲपच्या विनंत्या मध्ये प्रॉक्सी (मध्यस्थ प्रोग्रॅम) लावून वाचता येतात, एपीके, म्हणजे ॲपची फाइल, उलगडता येते. फोनही पाहणाऱ्याचाच असतो.

ही चूक फक्त नवख्यांच्या हातून होत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या मिसुरी राज्याच्या शिक्षण खात्याच्या वेबसाइटवर शिक्षकांचे सोशल सिक्युरिटी क्रमांक (तिथले खासगी ओळख क्रमांक) पानाच्या सोर्समध्ये, म्हणजे पानामागच्या कोडमध्ये, जात असल्याचं सेंट लुईस पोस्ट-डिस्पॅच या वृत्तपत्राच्या बातमीदाराला आढळलं. पडद्यावर ते दिसत नव्हते. एक लाखाहून अधिक शिक्षक-कर्मचाऱ्यांची माहिती उघडी होती. वृत्तपत्राने आधी खात्याला कळवलं, दोष दूर होईपर्यंत बातमी थांबवली, तरी गव्हर्नर माइक पार्सन यांनी बातमीदारावरच खटल्याची भाषा केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारी वकिलांनी आरोप ठेवायला नकार दिला. आमच्या मंडळात काकूंच्या वाट्याला जे आलं ते याच जातीचं. सुरक्षा-दोषांच्या सीडब्ल्यूई यादीत राखण ब्राउझरवर सोपवण्याच्या चुकीला स्वतंत्र क्रमांक आहे, ६०२, आणि वेबसुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प संस्थेच्या दहा मोठ्या धोक्यांच्या २०२१ च्या यादीत मोडकी प्रवेश-तपासणी पाचव्या क्रमांकावरून पहिल्यावर आली.

एकातून दुसरं

बाकीचे दोष एकाच मुळाचे होते, म्हणून ते झटपट सांगते. सदस्यत्वाची रक्कम फॉर्मच्या लपलेल्या फील्डमध्ये होती. तिथे १,५०० च्या जागी १ लिहिलं की पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) निमूटपणे १ रुपया घ्यायचा, कारण त्याला तेवढंच सांगितलं होतं. पैसे न भरताही काम व्हायचं, कारण "पेमेंट झालं" हा निरोपही ब्राउझरच सर्व्हरला द्यायचा. जन्मतारखेवरून मुलगी १८ ची आणि मुलगा २१ चा झाला आहे ना, ही तपासणी फॉर्मवर होती, सर्व्हरवर नव्हती. सरळ विनंती पाठवली तर अल्पवयीन मुलीचंही स्थळ नोंदलं जात होतं.

ओटीपीपाशी मात्र माझ्या काळजात धस्स झालं. मोबाईल नंबर टाकला की त्या फोनवर सहा आकडे जायचे, आणि तेच सहा आकडे सर्व्हरच्या उत्तरात ब्राउझरलाही यायचे, म्हणजे जुळणी पानावरच करता यावी. आता साखळी जोडून पाहा. पहिल्या दोषातून वडिलांचा नंबर मिळतो. तो लॉगिनच्या चौकटीत टाकायचा, ओटीपी नेटवर्क टॅबमधून वाचायचा, वडिलांच्या खात्यात शिरायचं आणि त्यांच्या नावाने कुणालाही संमती देऊन टाकायची. फोनवर आलेला ओटीपी पाहून वडिलांना वाटलं असतं, चुकून आला असेल.

दुरुस्ती

मी आग्रह धरला की दुरुस्ती होईपर्यंत साइट बंद ठेवावी. "लग्नसराईच्या तोंडावर?" असा प्रश्न आला. हो, तोंडावरच, कारण त्याच दिवसांत सगळ्यात जास्त लोक स्थळं उघडतात. समितीने मानलं. काही आठवडे पुन्हा फायलींवर काम चाललं.

नवी मांडणी अशी. स्थळाच्या उत्तरात मोबाईल, पत्ता, जन्मवेळ ही फील्ड मुळात नाहीतच. ती मागायला वेगळी विनंती. ती आली की सर्व्हर क्रमाने पाहतो: लॉगिन खरं आहे का, सदस्यत्वाची मुदत चालू आहे का, आणि या दोन घरांमध्ये संमतीची नोंद आहे का. विचारणारा कोण हे सर्व्हर आपल्या सेशनवरून (लॉगिनच्या वेळी स्वतः ठेवलेल्या नोंदीवरून) ठरवतो, विनंतीत लिहिलेल्या सदस्य क्रमांकावर विसंबत नाही. रक्कम डेटाबेसमधून घेतली जाते आणि गेटवेची ऑर्डर सर्व्हरच तयार करतो. पेमेंटनंतर गेटवे जी डिजिटल सही पाठवतो, ती सर्व्हर आपल्या गुप्त किल्लीने एचमॅक शा-२५६ (निरोप खरा असल्याची गणिती खूण) काढून ताडून पाहतो. ओटीपी सर्व्हरबाहेर फक्त एसएमएसने जातो, पाच मिनिटांनी मरतो, आणि चुकीच्या प्रयत्नांना मर्यादा आहे. फोटोंच्या लिंक थोड्या वेळात बाद होतात. स्थळांचे क्रमांक ओळीने न देता लांब आणि अंदाज न येणारे केले. मात्र केवळ त्यांच्यावर भिस्त ठेवायची नाही, हे मी लिहून दिलं. आणि कुणाचा नंबर कुणी, कधी पाहिला याची नोंद आता ठेवली जाते.

पानावरच्या तपासण्या काढल्या नाहीत, काढूही नयेत. नऊ आकडी मोबाईल टाकला की तिथल्या तिथे लाल ओळ येते, हे साठीच्या पुढच्या काकांसाठी फार सोयीचं आहे. तीच तपासणी सर्व्हरवर पुन्हा होते, एवढंच.

दुरुस्ती झाल्यावरच्या फेरतपासणीत दोन जागा उघड्या सापडल्या. स्थळाचं पान बंद झालं होतं, पण शोधाच्या निकालांची यादी जुन्याच पद्धतीने प्रत्येक स्थळाची सगळी फील्ड पाठवत होती, एका विनंतीत वीस घरं. आणि "बायोडेटा प्रिंट करा" या बटणामागची पीडीएफ लॉगिन पाहत होती, संमती नाही. तुम्ही कोण, हे विचारणं एक काम आणि तुम्हाला हे पाहायचा हक्क आहे का, हे विचारणं दुसरं. घाईत दुसरं राहून जातं. म्हणून आता ब्राउझरला वगळून थेट सर्व्हरला प्रश्न विचारणाऱ्या चाचण्या लिहिल्या आहेत: लॉगिन नसेल तर सर्व्हरकडून नकाराचा संकेतांक ४०१ यायला हवा, संमती नसेल तर ४०३, आणि उत्तरात मोबाईल हा शब्दही असता कामा नये. कोडमध्ये कुठलाही बदल झाला की त्या आधी चालतात.

कळवायचं की नाही

समितीत सगळ्यात लांबलेली चर्चा ही. "झालं ते झालं, आता बोभाटा कशाला, मंडळाचं नाव जाईल," असं म्हणणारे होते, आणि ते वाईट माणसं नव्हेत, मंडळ त्यांनी हाताने उभं केलंय. पण ज्यांच्या मुलींचे नंबर आणि पत्ते बाहेर गेले त्यांना ते माहीत असण्याचा हक्क मंडळाच्या नावापेक्षा मोठा आहे. अनोळखी माणसाने फोनवर गोत्र आणि जन्मवेळ सांगितली तर आईवडील त्याला ओळखीतला समजतात. ही माहिती बाहेर आहे हे त्यांना ठाऊक असेल तरच ते सावध राहतील. सायबर घटनांसाठीच्या केंद्र सरकारी यंत्रणेच्या, सर्ट-इनच्या, २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात अशा घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायला सांगितलं आहे. मंडळाला तो लागू होतो का यावर वकिली खल करत बसण्यापेक्षा कळवून मोकळं व्हा, असं मी सांगितलं, आणि सचिवांनी त्याच संध्याकाळी ईमेल केला.

घरांना मंडळाने स्वतः फोन केले. काय माहिती बाहेर गेली, केव्हा, आता काय बदललं, आणि मंडळाचं नाव घेऊन कुणाचा फोन आला तर आधी ऑफिसला विचारा. काहींनी नोंदणी काढून घेतली. पुष्कळांनी फक्त नीट ऐकून घेतलं आणि प्रश्न विचारले. लोकमान्य नगरातल्या वडिलांनी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली, लॉगच्या प्रती मंडळाने सोबत दिल्या. मुलीने नंबर बदलला.

काकूंकडे अध्यक्ष आणि सचिव दोघे घरी गेले, पुढच्या बैठकीत सर्वांसमोर माफी मागितली आणि ती इतिवृत्तात लिहिली. लेखी असणं मला महत्त्वाचं वाटतं, कारण संशय तोंडी पसरला होता. काकूंनी किल्ली परत घेतली, ॲडमिनचा पासवर्ड मात्र नवा मागून घेतला.

एक काम मागे राहिलं होतं. साइटबरोबर एक छोटं अँड्रॉइड ॲपही दिलं होतं, आणि जुन्या आवृत्त्या सर्व्हरच्या जुन्याच वेबपत्त्यावर विनंत्या पाठवत होत्या. तो पत्ता चालू ठेवला तर सगळी दुरुस्ती वाया, बंद केला तर जुन्या ॲपवर कोरं पान. बंदच केला. ॲप अपडेट न केलेल्या घरांची यादी काढली, आणि त्यांना फोन करून नवं ॲप घालायला लावण्याचं काम काकू सध्या करत आहेत.